हिप्परग्याच्या बाटलीपासून जर्नलपर्यंत: प्राणिशास्त्राचा पहिला पेपर कसा पाठवावा

डिझर्टेशन (एम.एस्सी.चा प्रबंध) बाइंडिंगला गेलं की विद्यार्थी विचारायला येतात, "मॅडम, याचा पेपर होईल का?" म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, जर्नलमध्ये, छापता येईल असा शोधनिबंध. बहुतेक वेळा होतो. नान्नजचं माळरान, उजनीचा फुगवटा, हिप्परगा, शहरातला संभाजी तलाव, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची गवताळ रानं, एवढं सगळं आपल्या जिल्ह्यात आहे. त्यावर सोलापूरच्या मुलामुलींनी केलेलं कितीतरी काम कॉलेजच्या कपाटात पडून असतं. ते बाहेर यावं म्हणून हे लिहिते आहे. मी इथे प्राणिशास्त्र शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले, काहींच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आणि पेपर लिहायचा असतो इंग्रजीत. तरी माझा अनुभव असा की पेपर इंग्रजीमुळे फारसा अडत नाही. तो अडतो ते पुराव्यामुळे. तुम्ही जे म्हणताय ते दुसऱ्या कुणाला तपासून बघता आलं पाहिजे. पुढे जे सांगते त्यातलं प्रत्येक काम त्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी एकच काम धरून चालू: हिप्परगा तलावातले झूप्लँक्टन, म्हणजे प्राणिप्लवक, पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी. रोटिफर आणि क्लॅडोसेरा हे त्यातले दोन गट. आपल्या भागात एम.एस्सी.ला हा विषय बरेच जण घेतात.

आधी एक वाक्य

डिझर्टेशनमध्ये सगळं असतं: तलावाचा इतिहास, पाण्याचा पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बारा महिन्यांचे तक्ते, फोटो. पेपरमध्ये यातलं एकच म्हणणं जातं आणि बाकीचं त्याला आधार म्हणून येतं. म्हणून संगणक उघडण्याआधी वहीत मराठीत एक वाक्य लिहा: "हा पेपर वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला नवीन काय कळेल?" "हिप्परगा तलावातील प्राणिप्लवकांचा अभ्यास" हे उत्तर होत नाही, तो विषय झाला. "एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर रोटिफरांचं प्रमाण असं बदललं आणि क्लॅडोसेरांचं तसं बदललं" हे म्हणणं झालं. "जिल्ह्यातून आजवर नोंद नसलेली ही जात इथे सापडली" हेही म्हणणं झालं, त्याची छोटी टिपण होते. अशी चार पानांची टिपण नीट पुराव्यानिशी छापली गेली तर तिची किंमत मी वीस पानांच्या ढिसाळ पेपरपेक्षा जास्त धरते.

हे वाक्य जमत नसेल तर गाईडसोबत तक्ते पसरून बसा. ते जमेपर्यंत जर्नलचं नावही काढू नका.

लेबल

यावर मी वर्गातही सगळ्यात जास्त वेळ घालवते. बाटलीतलं लेबल ही तुमच्या पेपरची पहिली ओळ असते.

लेबल जाड कागदावर, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहायचं आणि बाटलीच्या आत टाकायचं. बाहेर चिकटवलेला कागद सोलापूरच्या उन्हाळ्यात सुटतो, आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरून जाते. मजकूर असा: महाराष्ट्र, सोलापूर जिल्हा, उत्तर सोलापूर तालुका, हिप्परगा (एकरुख) तलाव, पूर्व काठ, बांधापासून अमुक अंतरावर, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, गोळा करणाऱ्याचं नाव, जाळीचा प्रकार. तलावाची दोन्ही नावं मुद्दाम लिहायची, कारण जुन्या नोंदींत आणि गॅझेटियरमध्ये तो एकरुख म्हणून येतो. परदेशातल्या अभ्यासकाला दोन्ही एकच आहेत हे कुठून कळणार?

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत चार दशांश स्थळांपर्यंत द्या. 17.7 उत्तर, 75.9 पूर्व एवढंच लिहिलंत तर तो साधारण 11 किलोमीटरचा चौकोन होतो, त्यात तलावही येतो आणि अर्धं शहरही. चार स्थळं दिली की तीच जागा 11 मीटरवर येते. मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस 84 ही पद्धत वापरतो, तेही पेपरमध्ये लिहा. तारखेतला महिना रोमन आकड्यात लिहायची वर्गीकरणवाल्यांची रीत फार चांगली आहे. 5/6 म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ त्याने मिटतो.

याला अपवाद एकच, पण तो पाळलाच पाहिजे. माळढोकसाठीचं अभयारण्य 1979 मध्ये नान्नज परिसरात झालं. अशा दुर्मिळ पक्ष्याचं घरटं, लांडग्याची वीण असलेली गुहा किंवा चोरट्या व्यापारात मागणी असलेल्या प्राण्याची जागा यांचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नयेत. तालुका लिहा, अधिवास लिहा, आणि नेमकी जागा वनविभागाकडे आहे असं नमूद करा. चांगले एडिटर हे समजून घेतात.

परवानगी आणि नमुने

परवानगी नमुने गोळा करण्याआधी घ्यायची असते. तलाव जलसंपदा विभागाचा असेल तर त्यांचं पत्र घ्या. अभयारण्यात पाऊल टाकायचं असेल किंवा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूचीतला प्राणी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पत्राचा क्रमांक आणि तारीख पेपरमध्ये येते. कित्येक जर्नल्स याशिवाय पेपर रिव्ह्यूला (त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे तपासायला) पाठवत नाहीत, आणि तेव्हा धावपळ करून मागच्या तारखेचं पत्र मिळत नसतं. मिळालं तरी घेऊ नये.

तपासलेले नमुने जपून ठेवा. मोजणी झाली की बाटल्या ओतून टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला मुळीच पटत नाही. उद्या कुणी म्हणालं की ही जात ती नव्हेच, तर दाखवायला काय उरलं? निदान प्रत्येक जातीचे काही नमुने एखाद्या मान्य संग्रहालयात जमा करा. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यात आकुर्डीला असलेलं पश्चिम विभागीय केंद्र. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे. तिथून नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो पेपरमध्ये जातो. नवी जात वर्णन करत असाल तर होलोटाइप (नव्या नावाला आधार म्हणून निवडलेला एक नमुना) जमा करणं टाळताच येत नाही. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणेही नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते. शिवाय पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे त्याची झूबँकवर (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंद हवी आणि त्या नोंदीचा पुरावा पेपरमध्येच छापलेला हवा. नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

नावं लिहिताना

प्रजातीचं (जीनस) आणि जातीचं (स्पीशीज) नाव तिरप्या अक्षरांत. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. हे सगळ्यांना येतं. नावापुढे त्या जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष येतं. गोंधळ होतो तो त्याच्या कंसाचा. लांडगा म्हणजे कॅनिस ल्युपस लिनियस, 1758, इथे कंस नाही, कारण लिनियसने त्याला कॅनिसमध्येच ठेवलं होतं. काळवीट म्हणजे अँटिलोपी सर्व्हिकाप्रा (लिनियस, 1758), इथे कंस आहे, कारण लिनियसने त्याला बकऱ्यांच्या कॅप्रा या प्रजातीत घातलं होतं, पुढे ते हललं. कंस हा सजावटीचा भाग नसून त्यात माहिती आहे. आपल्या रोटिफरांतही असंच: ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस पल्लास, 1766 बिनकंसाचं, तर केराटेला ट्रोपिका (ॲपस्टाइन, 1907) कंसातलं. प्रत्येक नाव एकेक करून तपासा. मागच्या बॅचच्या डिझर्टेशनमधून यादी उतरवू नका. तिथली एक चूक दहा पेपरांत फिरलेली मी पाहिली आहे.

लिहायचा क्रम

प्रस्तावनेपासून सुरुवात केली की गाडी "भारत हा जैवविविधतेने समृद्ध देश आहे" या वाक्यावर अडकते. आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या करा. मग पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि सगळ्यात शेवटी सारांश व शीर्षक.

पद्धती लिहिताना दुसऱ्या गावची मुलगी हे वाचून तसंच काम करू शकेल का, एवढंच डोक्यात ठेवा. जाळीची वीण किती मायक्रॉनची? हे न लिहिलेला झूप्लँक्टनचा पेपर मी पुढे वाचत नाही. 150 मायक्रॉनच्या जाळीतून बारके रोटिफर निसटून जातात, आणि मग "रोटिफर कमी आढळले" हा निष्कर्ष जाळीचा असतो, तलावाचा नसतो. किती लिटर पाणी गाळलं? दिवसाच्या कुठल्या वेळी? काठावरून की होडीतून?

फॉर्मलिनचं तर हमखास चुकतं. बाजारातलं फॉर्मलिन म्हणजे पाण्यातलं 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड. त्याचं दहापट सौम्य केलेलं द्रावण म्हणजे 10 टक्के फॉर्मलिन, आणि त्यात फॉर्मल्डिहाइड भरतं साधारण 4 टक्के. नुसतं "4 टक्के द्रावणात ठेवले" असं लिहिलं तर कशाचे 4 टक्के, ते कळत नाही. फॉर्मलिन म्हणायचंय की फॉर्मल्डिहाइड, ते स्पष्ट लिहा.

मोजणीचं सूत्रही लिहा. सेजविक-राफ्टर सेलमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजायच्या काचेच्या खाचेत) 1 मिलिलिटर मावतं. समजा 100 लिटर पाणी गाळून 50 मिलिलिटर सॅम्पल झालं आणि सेलमध्ये 24 जीव मोजले. 24 गुणिले 50 म्हणजे 1200, भागिले 100, म्हणजे लिटरला 12. रिव्ह्यूअर तुमच्या तक्त्यातला एखादा आकडा असा उलटा करून बघतो आणि तो जुळला नाही की पुढच्या सगळ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. आणि 12 मोजून 12.3746 छापू नका. एवढी बारकाई तुमच्या सेलमध्ये नाही.

आकडेशास्त्राबद्दल एकच सांगते, कारण आपल्याकडचे पेपर इथेच मार खातात. एकाच काठावर एकाच तासात भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन स्वतंत्र नमुने होत नाहीत. 1984 मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्टने याला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) म्हटलं आणि आजही रिव्ह्यूअर हाच शब्द वापरतो. तलावावर चार वेगळ्या जागा घेतल्या असतील तर त्या नकाशावर दाखवा. एकच जागा असेल तर मोठमोठ्या चाचण्या लावू नका, महिन्यांचा आलेख काढा आणि जे दिसतं ते साध्या शब्दांत सांगा.

फोटोवर "40 एक्स" लिहू नका. छापताना फोटो लहानमोठा होतो, मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. स्टेज मायक्रोमीटरने (सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या मोजपट्टीने) मोजून फोटोवर स्केल बार, म्हणजे मापाची रेघ, टाका. नकाशाला उत्तर दिशा, प्रमाण आणि चौकटीत भारताची अधिकृत सीमा. प्रतिमा 300 डीपीआयच्या, वर्डमध्ये चिकटवलेल्या नकोत, स्वतंत्र फाइलमध्ये हव्यात.

भाषेचं सांगायचं तर निष्कर्ष आणि चर्चा आधी मराठीत लिहून काढा. काय म्हणायचंय ते स्वच्छ झालं की इंग्रजी वाक्यं छोटी आणि सरळ येतात. दुसऱ्याच्या पेपरमधला परिच्छेद उचलून शब्द फिरवले तर सॉफ्टवेअर पकडतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण त्याचा अर्थ 10 टक्के उचलायची मुभा आहे असा काढू नका. एआयने इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर जर्नलच्या धोरणाप्रमाणे तसं जाहीर करा, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वात नसलेले पेपर तो बेधडक सांगतो.

कुठे पाठवायचं

इथे माझा जीव तुटतो. पॉवरलूमवर काम करणाऱ्या आईवडिलांची मुलं व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीला भुलून हजारो रुपये भरतात. तीन दिवसांत स्वीकृतीचं पत्र येतं, सर्टिफिकेट येतं, आणि काही काळाने ती वेबसाइटच बंद होते. वर्षभराची मेहनत गेली ती गेलीच, कारण एकदा छापलेलं दुसरीकडे देता येत नाही.

ओळखायचं कसं? प्राणिशास्त्र, वाणिज्य आणि मराठी साहित्य एकाच अंकात छापणारं जर्नल टाळा. आठवड्याच्या आत स्वीकृती देणारं टाळा, फी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मागणारं टाळा. संपादक मंडळातल्या दोघातिघांची पानं त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर जाऊन बघा. स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा डीओएजे या जर्नलांच्या सूचींत असल्याचा दावा असेल तर तो त्या-त्या साइटवर जाऊन पडताळा, जर्नलच्या पानावरचं चिन्ह बघून समाधान मानू नका. खऱ्या जर्नलच्या नावाने बनावट साइट काढणारेही आहेत, त्यामुळे आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) आणि वेबचा पत्ता दोन्ही जुळवा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद झाल्याचं 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, तेव्हा "केअर लिस्टेड" या शिक्क्यावर आता कुणी विसंबू नये.

चांगल्या जागा आहेत. कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा संवर्धनाशी जोडलेलं काम, याद्या आणि छोट्या नोंदी घेतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं रेकॉर्ड्स आहे. बीएनएचएसचं जर्नल 1886 पासून निघतं आहे. न्यूझीलंडहून 2001 पासून निघणारं झूटॅक्सा वर्गीकरणासाठीच आहे. तिथे महिन्यावार घनतेचा पेपर पाठवलात तर तो लगेच परत येईल. पण वर्गीकरणाचा पेपर असेल तर लेखकाला फी भरावी लागत नाही, ओपन ॲक्सेस हवं असेल तरच पैसे. जर्नल ठरवण्याआधी त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्यासारखं काम त्यात दिसलं तरच पुढे जा.

पाठवताना

लेखकांची नावं आधी ठरवा, भांडण नंतर नको. ज्याने कामाची आखणी केली, नमुने घेतले, ओळख पटवली, विश्लेषण केलं किंवा लिहिलं, तो लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायचं नसतं. होडी चालवणारे भोई, काचेचं सामान सांभाळणारे लॅब असिस्टंट यांचं नाव आभारात यायलाच हवं, त्यांना विचारून. प्रत्येकाने ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढून ठेवा, फुकट आहे. संपर्कासाठीचा ईमेल तुमचा कायमचा द्या. कॉलेज सुटलं की बंद होणारा नको, कारण उत्तर यायला कित्येक महिने लागतात.

लेखकांसाठीच्या सूचना छापून घ्या आणि एकेक ओळ खूण करत जा: संदर्भांची पद्धत, ओळींचे क्रमांक, सारांशाची शब्दमर्यादा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. त्यात ते पहिलं एक वाक्य इंग्रजीत येऊ द्या, आणि हा पेपर दुसरीकडे दिलेला नाही हे लिहा. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितलं तर त्या गटावर खरोखर काम करणाऱ्यांची नावं द्या, गाईडच्या मित्रांची नकोत.

उत्तर आल्यावर

"मेजर रिव्हिजन" (मोठे बदल करून पुन्हा पाठवा) असं वाचून मुलं रडकुंडीला येतात. ती चांगली बातमी आहे. कुणीतरी तुमचं काम ओळ न ओळ वाचलं आहे आणि तेही बिनपैशाने. दोन दिवस पत्र बाजूला ठेवा. मग तक्ता करा: डावीकडे रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुमचं उत्तर आणि बदल कितव्या ओळीत केला तो आकडा. एकही मुद्दा सोडू नका.

समजा त्याने विचारलं, "ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस कशावरून?" प्रश्न रास्त आहे. या नावाखाली एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती दडल्या होत्या आणि 2018 मध्ये त्यातल्या चारांची वेगवेगळी वर्णनं छापून आली. तुम्ही बाटल्या ठेवल्या असतील तर पुन्हा काढा, कवचाची आणि काट्यांची मापं घ्या, वर्णनाशी ताडून बघा. तरीही ठरत नसेल तर "कॅलिसिफ्लोरस गट" असं लिहा आणि कारण द्या. रिव्ह्यूअरचं म्हणणं चुकीचं वाटलं तर पुराव्यासह, नम्रपणे तसं सांगा. एडिटर ते मान्य करतात.

नकार आला तर पत्रातले उपयोगी मुद्दे दुरुस्त करा, दुसऱ्या जर्नलची संदर्भपद्धत लावा आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा पाठवा. कपाटात परत जाऊ देऊ नका.

स्वीकृती मिळाली की प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) येतं, बहुधा दोन-तीन दिवसांच्या मुदतीने. ते कागदावर छापून दोघांनी वाचा, एकीने मोठ्याने आणि दुसरीने मूळ प्रत धरून. लेखकांची आडनावं, जातींची स्पेलिंगं, कंस, एककं, अक्षांश-रेखांश. मायक्रॉनच्या चिन्हातलं पहिलं अक्षर छापताना बदलून एम होतं, म्हणजे मायक्रॉनचं मिलिमीटर होतं, तिथे बोट ठेवून बघा. छापील प्रत निघाली की एक जलसंपदा कार्यालयाला, एक नमुने ठेवले त्या संग्रहालयाला द्या. मूळ मोजणीची वही आणि एक्सेल फाइल विभागात जमा करा, सोबत बाटल्यांची यादी लावून, म्हणजे पुढच्या बॅचला हिप्परग्यावर शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.